लाखोली

रतनबाईने टोपलीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमाला न्हाई."

सकाळचे साडेसात झाले असतील. धुकं इतकं खाली आलं होतं की स्टेशनाकडून येणारी माणसं आधी पायांनी दिसत होती, मग तोंडांनी. मी नेहमीसारखी पिशवी उघडी धरून उभी होते. चातुर्मास लागल्यापासूनचा आमचा हा रोजचा शिरस्ता, त्यात बोलणं फारसं लागतच नाही. रतनबाई औंढ्याहून पहिल्या टमटमने येते, सागाच्या पानांवर रचलेल्या दूर्वांच्या जुड्या पिशवीत सोडते, वर एक जुडी वेगळी ठेवून म्हणते, "ही माज्याकडनं गणपतीला," आणि मी मान हलवते. आज तिचा हात टोपलीवरून हलेना. नखांत मातीची काळी रेघ, बोटांना दूर्वांचा हिरवा रंग चढलेला. मला वाटलं, कुणाच्या तरी पूजेसाठी राखून ठेवल्या असतील. तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "न्हाई म्हंजी न्हाई. सदस्यबाईंना काय कमी हाय? ठराव करा, दूर्वा चालत येतील घरला." शेजारी हार ओवणारी सारिका हसली नाही. रतनबाईच्या बोलण्यावर नेहमी तीच आधी हसते. तिने सुई दातांत धरली आणि हनुवटीने मागच्या भिंतीकडे दाखवलं.

भिंतीवर आमच्या नगरपंचायतीचा कागद डकवलेला होता, खळ अजून ओली होती. ठराव क्रमांक एकेचाळीस. प्रभाग सातमधील स्टेशन रस्त्याच्या पदपथावरील विक्रेत्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा मोकळी करून स्मशानभूमी रस्त्यालगतच्या नेमून दिलेल्या जागेत स्थलांतर करावे. खाली सूचक, श्री. बाजीराव येवले. आणि त्याच्याखाली अनुमोदक, सौ. यशोधरा दिगंबर घैसास. माझं नाव असं छापलेलं मी आयुष्यात तिसऱ्यांदा पाहत होते. एकदा लग्नपत्रिकेत, एकदा निवडणुकीच्या पत्रकावर आणि आता हे. क्षणभर मला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं, अशी एक ठाम बाई, जी उठून उभी राहते आणि म्हणते, माझं अनुमोदन आहे.

"मसणवाट्याच्या रस्त्यावरची दूर्वा देवाला चालंल व्हय वो?" रतनबाई म्हणाली. तिचा आवाज तोवर खालीच होता. मग तो चढला. "तुमी घ्याल का तितनं? आं? तोंडात मूग धरून बसती आन् कागदावर बोलती! देवाला दूर्वा वाहती आन् दूर्वावालीला मसणात धाडती!" पुढचं सगळं मला पुन्हा उच्चारता येणार नाही. माझ्या पिशवीला, माझ्या कुंकवाला, माझ्या खुर्चीला, खुर्चीच्या चारही पायांना तिने एकेक शब्द वाहिला. हातात दुधाच्या पिशव्या घेऊन माणसं थांबली. बोलायला मला त्या दिवशी मौनाचा नेमही आड येत नव्हता, गुरुवार होता. तरी तोंड उघडलं नाही. पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले आणि धुक्यात शिरले.

घरी गणपतीसमोर बसले आणि तबक रिकामं. शब्दांचं कसं असतं, एखादा शब्द जन्मभर पाटावर आपल्या शेजारी बसलेला असतो आणि एक दिवस मान वळवून दुसरंच तोंड दाखवतो. लाखोली. माझ्या आईने बेलाची वाहिली, आजीने तुळशीची. मी या चातुर्मासात लाख दूर्वांचा संकल्प सोडला होता, रोज एकवीस-एकवीसच्या चाळीस जुड्या, म्हणजे कार्तिकीपर्यंत लाख होतात. आणि आज भर रस्त्यात रतनबाईने मला वाहिली तीही लाखोलीच. मराठीत दोन्हीला तोच शब्द, वाहण्याला तेच क्रियापद. रिकाम्या तबकात बोटं फिरवत मी विचार करत राहिले, की देवाला नुसता आकडा कळत असेल की काय वाहिलं तेही कळत असेल.

यांना सांगितलं तेव्हा हे गॅलरीत रेडिओ उघडून बसले होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात यांची छत्तीस वर्षं गेली. घरातली कुठलीही वस्तू बंद पडलेली यांना सोसत नाही. "अहो सदस्या," हे म्हणाले. मी निवडून आल्यापासून मला हीच हाक. "अनुमोदन दिलंत केव्हा? मला सांगितलं नाहीत ते." "मी दिलं नाही हो." "मग?" मग काय ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच आठवत होतं, की ती सभा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी होती आणि श्रावणी सोमवारी माझं मौन असतं, सूर्योदयापासून संध्याकाळी उपास सोडेपर्यंत. लग्नाच्या आधीपासूनचा नेम. घरी त्या दिवशी मी पाटी वापरते, शाळकरी दगडी पाटी, लाकडी चौकटीची. 'दूध उतू जाईल.' 'औषध घेतलंत?' 'हसू नका.' सभेला मात्र मी पाटी नेली नाही. सतरा सदस्य, मुख्याधिकारी, पंखे, पाण्याच्या बाटल्या, आणि त्यात मी मांडीवर पाटी घेऊन. लाज वाटली. शिवाय मला कोण काय विचारणार होतं? उमेदवारीच्या वेळी आमच्या आळीतल्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांच्या सगळ्या नावांवर काट मारली आणि माझ्या नावावर कुणालाच मारता आली नाही. "घैसासवहिनी कुणाच्या अध्यात ना मध्यात." याच एका गुणावर मी निवडून आले. पहिल्या दिवशी कुणीसं म्हणालंसुद्धा, "ताई, तुम्ही नुसतं येऊन बसत जा, तेवढ्यानेच सभेला शोभा."

नुसतं बसणं एवढं सोपं नसतं, हे मला हळूहळू कळत होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचं पाथरखिंड ग्रामपंचायतच होतं, लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांनी चहापुरतं थांबावं एवढंच. नगरपंचायत झाली आणि आम्ही शहर झालो. रहिवासी दाखल्याला माझी सही लागते, खांबावरचा दिवा गेला तर लोक माझ्या दारात येतात, गटार तुंबलं की फोन मला. यातलं काहीच करण्याचा अधिकार मला एकटीला नसतो. मी सांगते, पाठपुरावा करते, कागद पुढे सरकवते, पुन्हा सांगते. पहिले काही महिने मला वाटे, ही तर पूजाच आहे, फळ आपल्या हातात नसलेली. सभा मात्र निराळी. सभेत माणूस बोलला तरी काही होतं आणि नाही बोलला तरी काही होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मी कचेरीत गेले. सविता सभेचं कामकाज लिहिते. तिशीची असेल, कामशेतहून येते, डब्यातली भाकरी कागदांवर सांडू नये म्हणून खिडकीशी उभी राहून जेवते. मला पाहून तिने घास गिळला. "ताई, तुमची मान हलली," ती म्हणाली. मी विचारायच्या आतच. "विषय वाचून झाला. येवलेसाहेबांनी सूचना मांडली. अध्यक्षा म्हणाल्या, अनुमोदन? मी सगळ्यांकडे बघितलं. तुमचा प्रभाग, म्हणून तुमच्याकडे जास्त. तुमची मान हलली. एकदा नाही, दोनदा. मी लिहिलं. मग अध्यक्षा म्हणाल्या, कुणाचा विरोध? कुणीच काही बोललं नाही." तिचे डोळे भरून आले होते. "मी खोटं नाही हो लिहिलं."

नाही, सविताने खोटं लिहिलं नव्हतं. माझी मान हलते. जप सुरू असला की प्रत्येक नामाला हनुवटी एवढीशी खाली जाते, मला कळतही नाही. माझ्या आईचीही जायची. हे थट्टेने म्हणतात, हिच्या समोर बसून काहीही मागा, मिळालंच म्हणून समजा. त्या सोमवारी मी खुर्चीत बसून पंचाक्षरी म्हणत होते, ओठ बंद ठेवून. तेवढंच झालं. जिना उतरता उतरता मी हेच वाक्य मनाशी घोळवत होते, तेवढंच झालं, गैरसमज झाला, माझा दोष नाही. वाक्य गुळगुळीत होतं, हातात छान बसत होतं. तळमजल्यावर पाणीपट्टीच्या खिडकीपाशी पोचले आणि तिथे ते हातातून सुटलं. कारण मला ऐकू येत होतं. जपात माणूस बहिरा होत नाही. 'प्रभाग सात' हे शब्द मी ऐकले होते. 'पदपथावरील विक्रेते' ऐकलं होतं. रतनबाईचा हिरवा पंजासुद्धा क्षणभर दिसला होता, आणि मग मी नामाचा वेग वाढवला होता. विजा कडाडायला लागल्या की लहानपणी डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायचो, तसं मी ते नाम अंगावर ओढून घेतलं होतं. आज माझं मौन आहे, मला कुणी विचारू नये. आणि त्या गोधडीच्या आत किती ऊब होती, ते आठवून पाणीपट्टीच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर बाजीराव येवले भेटले. मोटारसायकलवरून उतरून त्यांनी वाकून नमस्कार केला. उंचापुरा माणूस, वाकताना त्यांना बरंच वाकावं लागतं. "ताई, तुमी त्या दिवशी मान डोलावली आन् माज्या जिवात जीव आला बगा. म्हणलं, घैसासताई संगं हायेत म्हंजी आपलं काय चुकत न्हाई." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांची आई गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन पडली. रविवार होता. पर्यटकांच्या गाड्या दोन्ही अंगांना लावलेल्या, मधे टोपल्या, आणि अँब्युलन्स स्टेशन रस्त्यावर वीस मिनिटं एका जागी. म्हातारी वाचली, पण बाजीरावांच्या डोळ्यांत ती वीस मिनिटं अजून तशीच थांबलेली होती. "त्या बायांचं मला कळत न्हाई व्हय, ताई? माजी आई पन करवंदं इकायची याच रस्त्याला. पन रस्ता तर पायजे का न्हाई?" मी मान हलवली नाही. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून मान ताठ ठेवली, आणि तशी ठेवायला मानेला किती बळ लागतं ते पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे यांना घेऊन औंढ्याला गेले. लाखोली चुकवायची नव्हती, एवढंच कारण मी स्वतःला दिलं. रिक्षा पाणंदीच्या तोंडाशी थांबवली आणि भाताच्या बांधावर उतरलो. खाचरांत पाणी तुडुंब, बांधावर पाय ठेवला की तो आत जाई. लांबून सगळा बांध हिरवा. वाकून पाहिलं तर कुठली हरळी जून, कुठली तुऱ्याला आलेली, कुठली गाईने वरून खाल्लेली. कोवळी, तीन पात्यांची, देवाला चालेल अशी एक दूर्वा मिळवायला दहा बाजूला साराव्या लागतात. हे छत्री धरून उभे होते. छत्री माझ्यावर, स्वतः ओले. "सदस्या, पाठपुरावा जोरात चाललाय," म्हणाले. दोन तासांत माझ्या अकरा जुड्या झाल्या. कंबर सरळ होईना. बोटांना बारीक चिरा पडल्या आणि त्या चिरांत हिरवं गेलं, ते घरी साबणाने निघेना. रतनबाई रोज चाळीस जुड्या मला देत होती, शिवाय देवळाच्या, शिवाय इतर गिऱ्हाइकांच्या. म्हणजे ती उठत होती केव्हा? माझी लाखोली माझी होती कुठे, या बांधावर वाकलेली पाठ तिची होती. मी नुसतं ती गणपतीच्या डोक्यावर ठेवत होते आणि पुण्य मात्र माझ्या नावे. सूचक ती, अनुमोदक मी. हा विचार मनात आला आणि मला भर बांधावर हसू फुटलं. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाय रुतला.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "आमच्याकडे एक नियम होता. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला, तर ड्रायव्हरने तो लाल धरायचा. थांबायचं. दिवा बोलत नाही याचा अर्थ पुढे जा, असा कधीच नाही." आमटीत भात कालवता कालवता थांबले. "तुमच्या सभेत उलटं दिसतंय. विझला की हिरवा." ते टोचून बोलले नव्हते. यांना टोचता येतच नाही. पण त्या वाक्यासोबत मला एकदम तळेगावच्या घरातलं जेवणघर दिसलं. खिडकीखालची शेणाने सारवलेली जागा, आईचं केळीचं पान. आईचा चातुर्मासातला नेम होता जेवताना मौनाचा. त्याला एक कडक अट होती. पानावर बसल्यावर तोंडातून शब्द गेला तर पान सोडून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मागच्या दारी धुणं धुणारी बाई जेवायला बसली होती. वाढायला काकू होती आणि तिने त्या बाईला आमटी वाढली, भात वाढलाच नाही, विसरली की काय कोण जाणे. बाई नुसत्या आमटीकडे बघत बसली, मागेना. आईला ते खिडकीतून दिसलं. आईने हाताने खूण केली, काकूचं लक्ष नाही. वाटी वाजवली, लक्ष नाही. आणि मग आई स्वच्छ आवाजात म्हणाली, "वाढ तिला." दोनच शब्द. पानावर पहिलाच भात होता, तूप नुकतं घातलेलं. आईने पानाला नमस्कार केला आणि उठली. मी रडायला लागले, आई उपाशी राहणार म्हणून. मला इतकी वर्षं वाटत आलं, की त्या दिवशी आईचा नेम मोडला. आईच्या तोंडावर मात्र मोडल्याचं काहीच नव्हतं, ती मागच्या दाराशी उभी राहून त्या बाईचं जेवण होईपर्यंत बघत होती, स्वतः जेवल्यासारखी. हे कधी नीट पाहिलंच नव्हतं मी. आज पाहिलं, साठीला आल्यावर, आमटी-भात पुढ्यात असताना.

पुढची सभा गणपतीच्या मंडपांच्या परवानग्यांसाठी लवकर लावली होती. श्रावणातलाच तिसरा सोमवार. मी सविताला फोन करून विचारलं, लेखी दिलं तर चालेल का, किंवा पाटीवर लिहून दाखवलं तर. पाटीचं ऐकून ती हसली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. "अर्ज फाइलला लागेल, ताई. पण तो सभेत वाचतीलच असं नाही. पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. एकदा कायम झालं की झालं. तेव्हा जो उभा राहून बोलतो त्याचंच मी लिहिते." आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोला. मी पेन उघडून बसते."

सोमवारी पहाटे अंघोळ केली, महादेवाला बेल वाहिला, मौनाचा संकल्प सोडायला पळीत पाणी घेतलं. हात थांबला. संकल्प सोडून मोडायचा, की सोडायचाच नाही? दुसरी वाट सोपी होती. आज नेम नाही धरत, असं म्हटलं की सभेत बोलायला मी मोकळी. पण ती वाट मला गोधडीसारखीच वाटली, नुसती उलटी करून पांघरलेली. आईने पान वाढून घेतलं होतं, मग उठली होती. मी पाणी सोडलं.

सभागृहात पंखे फिरत होते. अध्यक्षा चंद्रिका मोरे माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला मृदू, पण घड्याळाकडे लक्ष असणाऱ्या. बाजीरावांनी लांबून हात जोडले. मी खिडकीकडे पाहिलं. खाली रस्त्यावर धुक्यात टोपल्यांची रांग, त्यात रतनबाईचं हिरवं लुगडं. ती वर बघत नव्हती, गिऱ्हाइकाला काहीतरी सुनावत होती बहुतेक. "विषय एक," चंद्रिकाताई म्हणाल्या, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सर्वांना प्रती मिळाल्या आहेत. वाचलं असं समजू. कायम?" एक क्षण असा आला की मी आत जपाकडे वळले. सवयीने. नाम ओठांशी आलंच होतं, हनुवटी खाली जायला निघाली होती. मी ती मधेच धरली. आणि उठून उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, त्याबरोबर सविताने मान वर केली. पहिला शब्द खरखरत बाहेर आला, बंद दाराची कडी काढावी तसा.

"ठराव एकेचाळीसला मी अनुमोदन दिलेलं नाही. मी जप करत होते."

सभागृह हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, आजीच्या बोलण्यावर नातवंडं हसतात तसं. मागून कुणी म्हणालं, "ताई, मग पुढच्या वेळी आमच्या बजेटला पण जप करा." पुन्हा हसू. चंद्रिकाताईसुद्धा हसत म्हणाल्या, "बरं, नाव वगळू. सविता, दुरुस्ती करा." आणि त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. मी तिथे बसू शकले असते. नाव वगळलं होतं, मी स्वच्छ झाले होते. खुर्ची मागे होतीच.

"पण मला ऐकू येत होतं," मी म्हणाले.

आता कुणी हसलं नाही.

"विषय माझ्या प्रभागाचा होता. मी ऐकत होते आणि बोलले नाही. मौन होतं म्हणून नाही, मला बोलायचं नव्हतं म्हणून. आज बोलते. स्मशानाच्या वाटेवर बसलेल्या बाईकडून देवाला कुणी काही घेणार नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिला तिथे पाठवणं म्हणजे जागा देणं नव्हे. माझा विरोध लिहा."

सविताचं पेन चाललेलं मला ऐकू आलं. बाजीराव उभे राहिले. त्यांचा चेहरा दुखावलेला होता, रागावलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "मंग माज्या आईचं काय, ताई?" ते एवढंच म्हणाले. मी विचार केलेला नव्हता, तोंडून गेलं, "रविवारी दोघं जाऊ रस्त्यावर. तुम्ही गाड्या किती जागा अडवतात ते मोजा, मी टोपल्या मोजते. आईंनाही आणा. त्यांनी याच रस्त्याला करवंदं विकलीत ना, त्या सांगतील टोपली कुठे बसते आणि वाट कुठे राहते." बाजीराव मिशीवरून हात फिरवत खाली बसले, म्हणाले, "ती लय बोलंल, ताई. आदीच सांगतो." "बोलू दे," मी म्हटलं. चंद्रिकाताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, विषय स्थळपाहणीसाठी ठेवून ठरावाची अंमलबजावणी तूर्त तहकूब. तूर्त. मंजूर नाही, रद्दही नाही. मी बसले तेव्हा तोंडात काहीतरी गोड होतं, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेताही.

घरी आले तर यांनी दार उघडलं ते हातात पाटी घेऊनच, पेन्सिल ओली करून. मी म्हटलं, "राहू द्या." यांनी पाटी खाली ठेवली. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. उपास सोडायला मूगडाळीची खिचडी केली होती त्यांनी, वर तळणीच्या मिरच्या. "आता उद्याच?" त्यांनी विचारलं. आईची गोष्ट मी त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती, ते विसरले नव्हते. "उद्याच," मी म्हणाले. यांनी खिचडीवर झाकण ठेवलं, स्वतःही वाढून घेतलं नाही आणि रेडिओ लावला. तो दुरुस्त झाला होता. आम्ही दोघं काळोख होईपर्यंत जुनी गाणी ऐकत बसलो.

सकाळी साडेसातला धुकं होतं. भिंतीवरचा कागद अजून तसाच, एका कोपऱ्याने सुटलेला. मी पिशवी उघडी धरली नाही, घडी करून काखेत ठेवली होती. रतनबाईने मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून जुड्यांवर पाणी शिंपडलं. सारिका सुई थांबवून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "आमच्या बांधावर आलता म्हणं," रतनबाई म्हणाली, टोपलीशीच बोलल्यासारखी. "व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडी 'व्हय' ऐकून सारिका फसकन हसली. "मुळासकट उपटलिया तुमी हरळी! अशी उपटत्यात व्हय? वरनं खुडायची. फुडल्या येळंला यायची कुटनं मंग?" मी बोटं पुढे केली, चिरा पडलेली, अजून हिरवी. तिने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, एखादी जुडी कोवळी आहे की जून ते पाहावं तशी. "सविताबाई सांगत हुती," मग ती म्हणाली, आवाज खाली आणून, "येवल्यांच्या म्हातारीला आणणार हायसा म्हणं रविवारी. आमी संगं बसायचो, ती आन् मी. लय भांडायची जागंवरनं." तिने माझ्या काखेतली पिशवी ओढून काढली, तोंड उघडलं आणि जुड्या सोडायला लागली.

"पाच दिस बुडालं तुमचं," जुड्या सोडता सोडता ती म्हणाली. "कदी पुरी व्हायची लाखोली?"

"होईल. तुझी झाली का पुरी?"

तिला उमगायला क्षण लागला. मग तिने तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले, आणि हसता हसता वरची एक जुडी वेगळी काढून माझ्या पिशवीत ठेवली.

"माजी कुटली? माजी अजून लय बाकी हाय. रोज येत जावा."

मी मान हलवली.